घरी चालते, कंपनीत नाही

कंपनीच्या कॉम्प्युटर रूममध्ये चपला बाहेर काढून जावं लागायचं. मशीनला धूळ चालत नाही म्हणून. निवृत्ती पगारेने चपला दाराशी काढल्या आणि पिशवीतून फ्लॉप्यांचा गठ्ठा काढला. कामाची फ्लॉपी एकच. ती बसमध्ये वाकू नये म्हणून तो तिच्या दोन्ही अंगांना जुन्या, मेलेल्या फ्लॉप्या लावायचा आणि वरून रबर. रबर काढलं, मधली फ्लॉपी मशीनच्या फटीत सरकवली, खटका खाली केला.

मशीन कुरकुरलं. थांबलं. परत कुरकुरलं. कुलपात भलतीच किल्ली फिरवावी तसं. मग पडद्यावर ओळ आली की वाचता येत नाही.

मागे मोठे साहेब मोज्यांवर उभे होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पगारे, परवाही हेच झालं."

"घरी चालते साहेब. सकाळी निघताना बघून निघालो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि सांगितलं की शनिवारी शेवटचं बघू. सोमवारी तक्ता लावायचा आहे, त्यापुढे त्यांना थांबता येणार नाही.

आता हा तक्ता काय, ते सांगायला हवं. निवृत्ती सातपूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून. पाळ्यांचा तक्ता एक एप्रिलला लागायचा तो वर्षभरासाठी. आजवर तो फोरमन बनवायचा. त्याच्या मर्जीतली माणसं पहिल्या पाळीला, बाकीचे रातपाळीत कुजत. निवृत्तीने घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम लिहिला होता. कोणाची रातपाळी कधी, ते मशीन ठरवणार. लागोपाठ कोणाला येणार नाही. घरात आजारपण असेल तर तेही धरलं जाणार. दिवाळीच्या आधी त्याने एकाच खात्याचा नमुना करून साहेबांना दाखवला होता, याच खोलीत, याच मशीनवर, आणि तो लोण्यातून सुरी जावी तसा चालला होता. साहेबांनी शब्द दिला होता की अख्ख्या कारखान्याचा कर, एप्रिलला तुझाच लावू.

बाहेर सहादू उभा होता, पाळीच्या आधीच आलेला. चांदवडकडचा, फोरमनला एकदा उलटून बोलला तेव्हापासून रातपाळीला खिळलेला. त्याच्या बायकोला रात्री फिट्स यायच्या. जवळ कोणी नाही. एकदा चुलीवर पडून तिचा हात भाजला होता आणि सहादूला ते सकाळी घरी गेल्यावर कळलं होतं.

"चाललं का भाऊ?"

"नाही."

"घरी तर चालतं म्हनता."

"घरी चालतं."

सहादूने जरा विचार केला. "आमची एक म्हैस व्हती तशी. घरी तांब्याभर दूध दियाची, गिऱ्हाईक आलं की लाथ."

दोघं हसले. निवृत्तीचं हसू बस येईपर्यंतही टिकलं नाही.

तो कॉम्प्युटर त्याने अंबडच्या एका बंद पडलेल्या युनिटच्या लिलावातून उचलला होता. शिकवायला कोणी नव्हतं. एक पुस्तक, त्यात अर्धं कळायचं, उरलेलं चुकून चुकून यायचं. मशीनच्या आतलं मात्र भिकनने शिकवलं. भिकन देवळ्याकडचा. दोघांनी तरुणपणी रेडिओचा कोर्स एकाच बाकावर केला. निवृत्तीला नोकरी लागली, भिकनने शहरातल्या द्वारका नाक्यावर दुकान टाकलं. रेडिओ, टीव्ही, टेप आणि आता कॉम्प्युटरही. दर रविवारी निवृत्ती त्या दुकानात जाऊन बसायचा. भिकन तार जोडायचा, निवृत्ती कथील धरायचा, नाहीतर पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन मेलेल्या पार्टांवर फुल्या मारायचा. फुली मारलेला पार्ट कोणाच्या मशीनमध्ये जायचा नाही, हा दुकानाचा नियम. भिकन म्हणायचा, "आपण चोर नाही भो. गरीब आहोत, पण चोर नाही."

दिवाळीच्या तोंडावर भिकननेच आग्रह केला होता. मशीनमध्ये धूळ बसली असेल, दुकानात आणून टाक, साफ करून देतो. करूनही दिलं. पैसे घेतले नाहीत. चांगुणाने, म्हणजे निवृत्तीच्या बायकोने, त्याच्या घरी करंज्यांचा डबा पाठवला.

आणि दिवाळी सरली तशी ही पीडा सुरू झाली. आधीच्या फ्लॉप्या उघडेचनात. नव्यांवर लिहिलेलं आज उघडायचं, आठवड्याने त्यातलं अर्धं नाव दिसायचं आणि पुढे नुसती चिन्हं, उंदराने कुरतडल्यासारखी. निवृत्ती परत लिहायचा. परत जायचं. तो भिकनला विचारायचा आणि भिकन दर वेळी काहीतरी सांगायचा. व्होल्टेज कमीजास्त होतंय, स्टॅबिलायझर लाव. लावला. धूळ जातेय, कापड घाल. चांगुणाने खोळ शिवली. भिंतीला ओल आहे, टेबल सरकव. सरकवलं.

मग एकदा भिकन घरी चहाला आला. चांगुणा ब्लाउज शिवायची. पडलेल्या सुया-टाचण्या उचलायला तिने शिलाई मशीनच्या पायाला दोरीने चुंबक बांधला होता. भिकनने तो पाहिला. बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "वहिनी, सापडला बघा चोर. हा चुंबकच याचं काम खातोय."

आता चुंबकाने फ्लॉपी जाते, हे खरंच आहे. पुस्तकातही होतं. निवृत्तीचं डोकं फिरलं. भिकनच्या देखत तो तिला नको ते बोलला. अडाणी म्हणाला. चार महिने माझं रक्त आटतंय आणि तू इथे सुया वेचतेस, असंही म्हणाला. चांगुणाने दोरी सोडली, चुंबक नेऊन गटारात टाकला.

तरी फ्लॉप्या जातच राहिल्या. तेव्हा भिकन म्हणाला की इतकी वर्षं चुंबक बांधलेलं लोखंडही तसंच होतं, शिलाई मशीन एका खोलीत नकोच. खोली तर एकच होती, दुसरं स्वयंपाकघर. शिलाई मशीन शेजारच्या साळूबाईंच्या ओट्यावर गेलं. उघड्या ओट्यावर कोण बाई माप द्यायला येणार? ऐन लग्नसराईत चांगुणाची गिऱ्हाइकं गळाली. ती भांडली नाही. एकदाच बोलली, भाकरी थापता थापता. "बिघडलंय तुमचं मशीन, आणि घराबाहेर गेलं माझं."

शनिवारी निवृत्ती परत कॉम्प्युटर रूममध्ये बसला. फ्लॉपी घातली. कुरकुर. थांब. कुरकुर. वाचता येत नाही.

तेवढ्यात साहेबांना फोन आला आणि ते बाहेर गेले. निवृत्तीने फ्लॉपी काढली, पुसली, फुंकर मारली, परत घातली. घाईत हात कुठे गेला कोण जाणे. मशीनने एक साधा आवाज केला, गिळल्यासारखा, आणि पडद्यावर नावं उमटली. एका खात्याची. तिसरं नाव सहादूचं.

साहेब आत आले. "अरे, चाललं की."

निवृत्ती पडद्याकडे बघत राहिला. खोटं बोलणं सोपं होतं. निदान आठवडाभर तरी मिळाला असता.

"नाही साहेब. ही जुनी आहे. दिवाळीच्या आधीची. ही मेलेली म्हणून वर पुठ्ठ्यासारखी लावली होती."

साहेब गेल्यावर त्याने दुसरीही मेलेली घालून पाहिली. तीही चालली. घरी वर्षाची सगळी मेहनत ज्या मशीनमध्ये होती, त्या मशीनला ह्या फ्लॉप्या वाचता येत नव्हत्या. इथे फाडफाड येत होत्या. आणि घरी ज्या येत होत्या, त्या इथे मुक्या.

घरी आल्यावर त्याने चांगुणाला सगळं सांगितलं. बऱ्याच दिवसांनी असं समोर बसून सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिला कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती म्हणाली, तिची जुनी मापाची फीत ताणून लांब झाली होती तेव्हा असंच झालं होतं. त्याच फितीने माप घ्या, त्याच फितीने कापड कापा, ब्लाउज अंगावर चोख बसायचं. पण बाई दुसऱ्या शिंपिणीकडून माप लिहून आणायची आणि तिथे घोळ व्हायचा. कापड चांगलं, कात्री चांगली, फीत खोटी.

मग तिने मेथीची काडी मोडली आणि सहज विचारलं, "तुमची फीत कधी बदलली?"

निवृत्तीने खोळ काढली आणि तो फ्लॉपीच्या फटीकडे बघत बसला.

रविवारी सकाळी त्याने दारातल्या उजेडात कॉम्प्युटरचा डबा उघडला. ड्राइव्हच्या, म्हणजे फ्लॉपी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या पार्टच्या, तोंडावरची काळी पट्टी त्याचीच होती. कोपऱ्याला सोल्डरिंग आयर्नचा चटका लागलेला, त्याच्याच हातून. म्हणून तर इतके महिने शंका आली नव्हती. त्याने दोन स्क्रू ढिले करून पट्टी पुढे ओढली आणि मागचं धड पाहिलं. चेहरा त्याचा, धड दुसऱ्याचं. पत्र्यावर ब्लेडने खरवडल्याच्या रेघा होत्या. रेघांच्या मध्ये पांढरा रंग पुरता निघाला नव्हता. एक तिरपी रेघ इकडून, एक तिकडून.

ती फुली कदाचित त्यानेच मारलेली असेल, कुठल्याशा रविवारी. त्याने पट्टी परत बसवली. डबा बंद केला. शर्ट घातला.

भिकन दुकानात टेप उघडून बसला होता. निवृत्तीला बघून त्याने पायानेच स्टूल पुढे सरकवलं. "ये भो, बैस. काय शे? चेहरा का असा, वहिनीनं उपाशी ठेवलं?"

निवृत्ती बसला नाही. "फुली खरवडलेली दिसते रे, भिकन."

भिकनचा हात टेपमध्येच राहिला. रस्त्यावर एक ट्रक बराच वेळ मागे येत होता, त्याचा क्लीनर पत्र्यावर थापा मारत होता. ट्रक निघून गेला. मग त्याने पक्कड खाली ठेवली.

त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. दिवाळीच्या आधी शहरातल्या एका डॉक्टरांचा कॉम्प्युटर बंद पडला. ड्राइव्ह गेला. डॉक्टर स्वतः दुकानात येऊन उभे. असा पार्ट मुंबईहून यायला महिना लागतो. आणि निवृत्तीचं मशीन टेबलावर उघडं पडलेलं.

"मला विचारायचं होतं," निवृत्ती म्हणाला.

"तू नाही म्हटला असता."

"नाही म्हटलं नसतं."

भिकनने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्याला ठाऊक होतं की हे खरं आहे.

"मी काय म्हणतो," भिकन म्हणाला, "त्यांचा दवाखाना चालतो त्याच्यावर. पेशंटची कामं अडली होती. तुझं काय रे. घरी बसून कारकुनाचा नाद. मला वाटलं, तुला काय, कशावरही चालेल."

हे ऐकून निवृत्तीला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. ड्राइव्ह बदलला गेला हे त्याला सकाळीच कळलं होतं. ते त्याने कसंबसं पोटात घातलं होतं. पण हे वाक्य कुठे घालावं ते त्याला कळेना. दर रविवारी त्याने याच स्टुलावर बसून सांगितलं होतं की आज रातपाळीचा भाग सुटला, आज आजारपणाचा हिशेब बसला, आता सहादू सुटेल. आणि भिकन मान डोलवायचा. शाब्बास भो, म्हणायचा.

"आणि चुंबक?"

"काहीतरी सांगावं लागत होतं. तू दर रविवारी विचारायचा."

"तिचं मशीन बाहेर काढायला लावलं तू."

भिकन टेपच्या चाकावरची धूळ बोटाने पुसू लागला. निवृत्तीला त्या बोटाचा संताप आला. हात उचलावा असं वाटलं, आणि उचलला असता तर तो कुठे थांबला असता देव जाणे. त्याने हात खिशात घातले.

मग त्याने कामाचं विचारलं. हा वाकडा, फक्त स्वतःचंच लिहिलेलं वाचणारा ड्राइव्ह आणि एक धड ड्राइव्ह शेजारी शेजारी जोडले, तर याच्यातून त्याच्यात सगळं उतरून घेता येतं. एका दिवसाचं काम. डॉक्टरांकडचा त्याचाच ड्राइव्ह एक दिवस काढून आण, सोमवारी सकाळी परत बसव. बाकी काही नको.

भिकन उठून उभा राहिला. पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "आणि डॉक्टरांना काय सांगू? दुसऱ्याचा काढून बसवला होता? त्यांच्यामुळे अजून दोन दवाखान्यांचं काम आलंय. मला तोंड दाखवायला जागा राहील का?" मग जरा थांबून, हळू आवाजात, "मुंबईहून नवा आणून देतो ना. महिन्यात. देवाशप्पथ."

"तक्ता उद्या लागतो."

"मग पुढच्या वर्षी लागेल."

निवृत्ती दुकानातून बाहेर आला. भिकनने मागून दोनदा हाक मारली. पहिल्यांदा निवृत्ती म्हणून, दुसऱ्यांदा निवत्या म्हणून, कोर्सच्या दिवसांतल्यासारखी.

सोमवारी त्याने अख्खा कॉम्प्युटरच रिक्षात घातला. डबा, मॉनिटर, कीबोर्ड. चांगुणाने जुन्या गोधडीत मॉनिटर बांधून दिला. कंपनीच्या गेटवर वॉचमनने अडवलं. बाहेरची मशीन आत न्यायला पास लागतो, आणि पास आतून यायचा. निवृत्ती उन्हात रिक्षाशेजारी उभा राहिला. पहिल्या पाळीची माणसं पत्र्याच्या आडून बघत होती. कोणीतरी म्हणालं, पगारेभाऊ टीव्ही विकायला आले. शेवटी साहेबांनीच पास पाठवला.

आणि मशीन चाललं. साहेबांच्या केबिनमध्ये, टेबलावरच्या फायली बाजूला सारून. सबंध कारखाना पडद्यावरून खाली सरकत गेला, नाव, खातं, पाळी, नाव, खातं, पाळी. साहेब खुर्ची ओढून बसले. मध्येच एखाद्याचं नाव सांगायचे, निवृत्ती ते काढून दाखवायचा. फोरमनही दाराशी येऊन बघून गेला. कोणालाच चूक सापडली नाही.

मग साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी जे विचारलं ते विचारण्यासारखंच होतं.

"पगारे, उद्या तुम्ही आजारी पडलात, तर हे कोण वाचणार? हे तुमच्या मशीनशिवाय कोणालाच वाचता येत नाही. महिन्यात दहा माणसं जातात-येतात, दहा बदल होतात. माझ्या मशीनवर जे उघडत नाही, त्याच्यावर मी वर्षभराच्या पाळ्या कशा लावू?"

निवृत्तीने मान हलवली.

"झालं काय नेमकं? कोणी बिघडवलं?"

द्वारकेच्या दुकानाचं नाव त्याच्या ओठांवर आलं होतं. साहेबांच्या ओळखीत दवाखाने होते, डॉक्टर होते. एक वाक्य पुरलं असतं.

"जुना पार्ट आहे साहेब," तो म्हणाला. "झिजला."

फोरमनचा तक्ता जेवणाच्या सुट्टीनंतर बोर्डावर लागला. निवृत्ती बघायला गेला नाही. त्याला माहीत होतं.

साहेबांनी पाच वाजता घरी जायची परवानगी दिली होती, पण बाहेर नेण्याचा पास व्हायला अंधार पडला. तेवढ्यात रातपाळीची माणसं येऊ लागली. सहादूही आला. त्याने बोर्डाकडे जाऊन बोट फिरवत आपलं नाव शोधलं, सापडल्यावर बोट तिथेच जरा धरलं. मग तो गेटशी आला. निवृत्ती डबा उचलायला वाकला होता. सहादूने दुसरी बाजू धरली.

"मी साहेबांना दाखवलं, सहादू. तू सुटला होतास. पडद्यावर होतं, पहिली पाळी."

"दिसलं व्हतं म्हनता?"

"होतं."

"बरं वाटलं," सहादू म्हणाला. डबा रिक्षात नीट बसवून त्याने हात पँटला पुसले. "घरी सांगतो तिला. एकदा तरी कुठं नाव आलं." आणि तो पंचिंगच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याने कार्ड घातलं तेव्हाचा खट्ट आवाज निवृत्तीला रिक्षापर्यंत ऐकू आला.

घरी, उपनगर नाक्याकडे जायचं तर द्वारकेवरूनच जावं लागतं. तिथे कांद्याच्या ट्रकांनी रस्ता अडवला होता. रिक्षा थांबली ती नेमकी दुकानासमोर. भिकन गिऱ्हाइकाला रेडिओ बांधून देत होता. त्याने वर पाहिलं. आधी गोधडीतलं ते गाठोडं पाहिलं, मग निवृत्तीला. त्याचा हात सवयीने वर गेला, आणि अर्ध्यातच राहिला, खाली घ्यावा की वर न्यावा ते न कळल्यासारखा.

निवृत्तीच्या मांडीवर मॉनिटर होता. त्याने तो दोन्ही हातांनी धरला होता. रस्ता मोकळा झाला, रिक्षाला गचका बसला, आणि त्याने तो आणखी घट्ट धरला.